नऊ वाजताचा फोन : अनावर खरेदीसाठीचा दहा आठवड्यांचा वर्ग, माझा अनुभव

वर्गाला नाव नोंदवायला गेले त्या दिवशी सकाळी मी दिवाणातली न उघडलेली पार्सलं मोजली होती. एकतीस. सगळ्यांत साड्या. कोणत्या पार्सलात कोणती साडी आहे ते मला वरचं लेबल वाचूनही आठवत नव्हतं.

मी मिरजेत एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे आणि राहते सांगलीत. वय सत्तेचाळीस. हे चाकणला नोकरीला, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतात. मुलगा कॉलेजच्या होस्टेलवर. गेल्या जानेवारी ते मार्च, म्हणजे १८ जानेवारी ते २२ मार्च २०२५, दर शनिवारी मी एका मानसोपचार केंद्रातल्या या वर्गाला गेले. केंद्राचं नाव इथे देत नाही. आमच्या गटात सातच जण होते आणि गाव लहान आहे. नाव दिलं तर बाकीचे सहा जण ओळखू येतील, आणि 'इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही' असा शब्द आम्ही पहिल्याच दिवशी एकमेकांना दिला आहे. पण असे वर्ग असतात हे मला आधी कळलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी माझं प्रकरण सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलते आहे ते कळेल.

फेसबुकवर साड्यांचे लाइव्ह असतात. रात्री नऊला सुरू होतात. ताई कॅमेऱ्यासमोर एकेक साडी उलगडते, पदर दाखवते, काठ दाखवते, 'सिंगल पीस आहे बरं का, स्क्रीनशॉट काढा' म्हणते. ज्याची कमेंट आधी, साडी त्याची. मी सासूबाईंच्या वर्षश्राद्धानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये, एक मंगळगिरी घेतली. मग नारायणपेठ, मग खण, मग इरकल. इरकलचा मला खरा नाद. आईची एक होती, गर्द हिरवी, लाल टोपपदराची. तसाच रंग शोधता शोधता माझ्याकडे नऊ इरकली झाल्या आणि आईच्या साडीचा हिरवा रंग त्यांतल्या एकीतही नव्हता.

यंदाच्या संक्रांतीला मी चार काळ्या साड्या घेतल्या. नेसले एकही नाही, कारण त्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती.

त्याच आठवड्यात भाचीच्या साखरपुड्याचा विषय निघाला आणि जाऊबाई म्हणाल्या, "पाटल्या घालशील ना गं?" पाटल्या पतसंस्थेत तारण होत्या. यांना माहीत नव्हतं. क्रेडिट कार्डावर १,४६,००० रुपये थकले होते. मी दर महिन्याला किमान रक्कम तेवढी भरत होते आणि महिना साडेतीन टक्क्यांनी पाच हजारांच्या वर नुसतं व्याज लागत होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दशांश चिन्ह चुकलं तर मला झोप येत नाही, आणि हा आकडा मी अकरा महिने न वाचता खाली सरकवत होते.

वर्गात येण्याआधी मी एका डॉक्टरांना हे सांगितलं होतं. ते हसले. "बायकांना साड्यांची हौस असायचीच," म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. त्या हसण्यामुळे मी आणखी पाच महिने गप्प बसले. त्याचा राग मला अजून आहे.

म्हणून या केंद्रातली पहिली भेट मला फार मोलाची वाटते. ती एकटीची असते, गटातली नाही, तासभर चालते, फी १,००० रुपये. आधी मानसोपचारतज्ज्ञ बघतात. त्यांनी साड्यांबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं ते झोपेबद्दल : चार-पाच दिवस झोप न लागताही भरपूर उत्साह वाटतोय, डोक्यात विचार धावतायत, मोठमोठे बेत होतायत, असं कधी झालंय का? उन्मादाच्या आजारात माणूस असाच पैसा उधळतो आणि त्याचा उपचार अगदी वेगळा असतो, म्हणून ते आधी तपासायचं असतं. मग उदासीचे प्रश्न. ते करून मग त्यांनी माझ्यासमोर सात वाक्यांचा कागद ठेवला. नॉर्वेतल्या बर्गेनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तयार केलेली प्रश्नावली आहे ही. सतत खरेदीचे विचार येतात का, बरं वाटावं म्हणून खरेदी करता का, कामात खोट येते का, पूर्वीइतकंच समाधान मिळायला जास्त घ्यावं लागतं का, कमी करायचं ठरवून जमलं नाही असं झालंय का, अडवलं तर त्रास होतो का, तब्येतीवर परिणाम झालाय का. सातांपैकी चारांना 'हो' आलं तर लक्ष द्यायला हवं. माझे सहा आले.

पुढचा वर्ग घेणाऱ्या मॅडम, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. मी म्हटलं, हा आजार आहे की माझा स्वभावच वाईट आहे? त्यांनी समजूत काढली नाही, माहिती दिली. क्रेपेलिन नावाच्या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी १९१५ सालीच याबद्दल लिहून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी २०२२ पासून लागू आहे, आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांखाली अनावर खरेदीचा नावानिशी उल्लेख आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत मात्र त्याला वेगळी जागा नाही, तेही त्यांनी सांगितलं. मला हे आवडलं. माझ्या कामात नावाशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. त्या दुपारी माझ्या दुखण्याला नाव मिळालं आणि मी रिक्षात बसून रडले.

आता वर्गाबद्दल. बारा बैठका, दहा आठवड्यांत. दहा शनिवार आणि मधले दोन रविवार. दीड तासाची बैठक, दर बैठकीला ६०० रुपये. म्हणजे पहिल्या भेटीसकट ८,२०० रुपये. हा आराखडा त्यांनी मनाने केलेला नाही. २००६ मध्ये अमेरिकेत अशाच बारा बैठकांच्या गटाचा अभ्यास छापून आला होता, विचार आणि वागणूक बदलण्याच्या उपचारपद्धतीचा, आणि सहा महिन्यांनंतरही त्या लोकांची सुधारणा टिकलेली दिसली होती. आमचा वर्ग त्याच धर्तीवर.

गटात तीन पुरुष होते. हे मुद्दाम सांगते. एकजण नुकते निवृत्त झालेले शिक्षक, त्यांच्याकडे हत्यारांचे सेट, ड्रिल मशिनं, खोकी न फोडलेली. एक सव्वीस वर्षांचा मुलगा बुटांवर पगार घालवायचा. बायकाच असं करतात असं म्हणणाऱ्यांनी त्या खोलीत एक शनिवार बसायला हवं होतं.

दुसऱ्या बैठकीला दोन वर्षांची बँक स्टेटमेंटं छापून न्यायची होती. हिरव्या पेनाने गरजेची खरेदी, लाल पेनाने ओढीची. प्रत्येक लाल नोंदीशेजारी दिवस, वेळ, घरात कोण होतं, शेवटचं कोणाशी बोलणं झालं होतं. मला यातलं शेवटचं खूळ वाटलं, पण लॅबची सवय आहे, रकाना रिकामा सोडवत नाही. १४३ साड्या. ३,०७,००० रुपये. त्यांतल्या ११८ साड्या रात्री नऊनंतर घेतलेल्या. मे २०२४ मध्ये हे कावीळ होऊन तीन आठवडे घरी होते. त्या तीन आठवड्यांत लाल नोंद एकही नाही. मी ते पान उलटसुलट करून बघितलं. बँकेचंच काही राहून गेलं असेल असं वाटलं. राहिलं नव्हतं.

चौथी बैठक माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मॅडमनी डोळे मिटायला सांगितले आणि शेवटची खरेदी अगदी सावकाश, सेकंदासेकंदाने सांगायला लावली. नऊ वाजले. जेवण झालंय, एक ताट घासून ठेवलंय. टीव्ही बंद. फोन हातात. ताई साडी उलगडते, जांभळी, कोथिंबिरी काठ. छातीत धडधडतंय. मी कमेंट टाकते. "आता कुठे आहे धडधड?" वाढतेय. "पुढे?" ताई वाचते, "वैशालीताई सांगली, तुमची बुक!" "आता?" थांबली. मॅडम म्हणाल्या, "साडी अजून त्यांच्या हातातच आहे. घडीही घातलेली नाही. मग थांबलं कशानं?"

खोलीत कोणी बोललं नाही. मलाच उत्तर आलं. दिवसभरात मला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. लॅबमध्ये मी 'सिस्टर' नाहीतर 'मॅडम'. सासूबाई होत्या तोपर्यंत घरात दिवसातून वीसदा 'वैशाली, वैशाली' चालायचं, आणि त्या अंथरुणाला खिळल्या होत्या त्या चार वर्षांत मला त्या हाकेचा वीट आला होता. त्या गेल्यावर रात्री नऊला, त्यांच्या शेवटच्या औषधाच्या वेळेला, घर एकदम गप्प व्हायचं. लाइव्हमधल्या ताईने मला नावाने हाक मारली ती बरोबर त्या वेळेला. ती ताई वाईट नाही. तिचं घर त्या साड्यांवर चालतं, ती तिचं काम मनापासून करते. पण मी १४३ वेळा पैसे मोजले ते त्या हाकेचे. पार्सलं म्हणूनच उघडली जात नव्हती. मला हवं होतं ते पार्सल घरी यायच्या चार दिवस आधीच मिळून गेलेलं असायचं.

यावर वर्गाने जो उपाय दिला तो मला या सगळ्या सेवेतला सर्वांत उत्तम भाग वाटतो. जोड्या लावतात. तुमची ओढीची वेळ जी असेल, नेमक्या त्या वेळेला तुमच्या जोडीदाराने फोन करायचा. तुम्ही करायचा नाही, कारण ओढ चढलेली असताना माणूस फोन करत नाही. नावाने हाक मारायची आणि तीन प्रश्न विचारायचे : जेवलात का? आज मनातलं कोणाशी बोललात? आत्ता हातात काय आहे? उपदेश करायचा नाही. हातात साड्यांचा लाइव्ह असला तर तसं सांगायचं, समोरच्याने 'बरं' म्हणायचं आणि फोन चालू ठेवायचा, बस. माझी जोडी माधवनगरच्या एका काकूंशी लागली. वय त्रेसष्ट, एकट्या राहतात, टीव्हीवरच्या जाहिराती बघून भांडी मागवायच्या. त्यांची वेळ दुपारी अडीचची. तेव्हा मी लॅबच्या जिन्यात उभी राहून त्यांना फोन करते. नऊला त्यांचा मला येतो. "वैशाली, जेवलीस का गं?" पहिल्या रात्री मी उत्तरच देऊ शकले नाही.

सातव्या बैठकीला, रविवारी, घरातल्या एकाला आणायचं असतं. हे चाकणहून पहाटेच्या एसटीने आले. आकडा मी आदल्या रात्री सांगितला होता. पाटल्यांचंही सांगितलं होतं. ते रागावले, रागावण्यासारखंच होतं. वर्गात मॅडमनी त्यांना विचारलं, रोज बोलणं होतं का? "होतं की, रोज फोन करतो." काय बोलता? यांनी आठवून आठवून सांगितलं : गॅसचा नंबर लावलास का, लाइटबिल भरलंस का, पोराचे पैसे पाठवलेस का. मग थांबले. मी त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही, मीही तेवढंच बोलत होते. पण ते दोघांनाही एकाच खोलीत, तिसऱ्या माणसासमोर ऐकू यायला हवं होतं.

आता जे कमी पडलं ते.

पैशाची बाजू वर्गात फारच कच्ची आहे. कर्जावर एकच बैठक, तीही अर्धी. 'तो आमचा विषय नाही' असं मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, पण गटातल्या सातांपैकी पाचजण कर्जात होते आणि व्याज चढत असताना मन ताळ्यावर ठेवणं फार अवघड असतं. माझं मीच निस्तरलं. कार्डाची थकबाकी बँकेशी बोलून कमी व्याजाच्या हप्त्यांत घातली. कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अॅपमधून बंद केले. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून ही सोय प्रत्येक बँकेला द्यावी लागते, कार्ड तोडावं लागत नाही, हे मला एका सहकाऱ्याने सांगितलं, वर्गाने नाही. लाइव्हवाल्या बहुतेक यूपीआयवर पैसे घेतात, म्हणून पगाराच्या खात्यावरचं यूपीआय काढलं आणि आठवड्याच्या खर्चापुरते पैसे ठेवायला दुसरं खातं यूपीआयला जोडलं. वर्गात एखाद्या शनिवारी बँकेतला जाणकार माणूस बोलावला तर हे सगळ्यांना एका दिवसात कळेल. मी तसं लेखी कळवलं आहे.

दुसरं, 'तीन दिवस थांबा आणि मग ठरवा' हा नियम. बुटांच्या मुलाला तो उपयोगी पडला, माझ्यासारखीला मुळीच नाही. लाइव्हमध्ये साडी आठ-दहा सेकंदांत जाते. खोटी घाई दाखवून माल खपवणं हा आता ग्राहकांची दिशाभूल धरला जातो, केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांतल्या तेरा प्रकारांत तो आहे, आणि ऑनलाइन दुकानांतली ती उलटी मोजणारी घड्याळं ओळखायला मॅडमनी छान शिकवलं. पण लाइव्हमधली घाई खोटी नसते, ती साडी खरोखर एकच असते. तिथे थांबण्याचा नियम टिकत नाही. तिथे फक्त न जाणं टिकतं. मी ताईंना सरळ मेसेज केला की मला ग्रुपमधून काढा, तब्येतीचं कारण आहे. त्यांनी काढलं आणि लिहिलं, "काळजी घ्या वैशालीताई." तो मेसेज वाचून मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि मी तो पुसून टाकला.

तिसरं, ओढीच्या नोंदी करायच्या वर्गाच्या वहीची पानं. सगळी इंग्रजीत. हत्यारांच्या गुरुजींना जमलं, काकूंना नाही. मी त्यांच्यासाठी रकाने मराठीत केले : 'ट्रिगर'ला 'ठिणगी', इंग्रजी 'अर्ज'ला (urge) 'ओढ'. काकू म्हणाल्या, ठिणगी म्हटल्यावर कुठे पाणी टाकायचं ते कळतं. केंद्राने आता ती मराठी पानं झेरॉक्स करून ठेवली आहेत.

आणि दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकूंचे गुडघे दुखतात.

साड्यांचं काय केलं ते लोक विचारतात. नवव्या बैठकीआधी एकतीस पार्सलं घरी यांच्यासमोर उघडायची होती, तो अभ्यास होता. उघडताना प्रत्येक साडीला हात लावून बघायचा, नाव सांगायचं, ठेवायची का ते लगेच ठरवायचं. आम्हाला दुपारचे चार तास लागले. ऑनलाइन विकू नका असं बजावलं होतं, कारण विकायला म्हणून पुन्हा त्याच ग्रुपांत पाऊल पडतं. एका सहकारी बाईंच्या बहिणीने हॉलमध्ये साड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं, तिथे ८४ साड्या साधारण चाळीस टक्के किमतीला गेल्या. ४० नात्यात आणि लॅबमध्ये दिल्या. १९ ठेवल्या, फॉल-पिको करून घेतल्या, आणि त्या नेसते आहे. कपाटातल्या साडीला हात लावायची मला भीती वाटायची, ती आता वाटत नाही.

पाडव्याला, ३० मार्चला, वर्ग संपून आठच दिवस झाले होते आणि फोनवर सगळीकडून पाडव्याच्या ऑफरी येत होत्या. त्या रात्री मी दुसऱ्या एका लाइव्हवर गेले. वीस मिनिटं बघितला. नऊ वाजून दहा मिनिटांनी काकूंचा फोन आला, मी सांगितलं, हातात लाइव्ह आहे. त्या म्हणाल्या, "बरं," आणि श्रीखंड कसं आंबट झालं ते सांगत बसल्या. त्यानंतर जूनमध्ये एकदा मी साडी घेतली, १,४५० रुपयांची. वहीत लाल पेनाने लिहिली आहे. ठिणगीच्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा सुट्टी संपवून गेला'.

कोणाला उपयोगी पडेल हा वर्ग? ज्यांना आकडा स्वतःच्या तोंडाने कोणाला तरी सांगायची तयारी आहे त्यांना. ज्यांच्या घरी फार मोठं कर्ज झालंय त्यांनी त्यासाठी वेगळा सल्लाही घ्यावा, या वर्गावर भागणार नाही. आणि जवळपास असं काहीच नसेल, किंवा पैशाची सोय नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू, फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बारा बैठकांचं काम एका फोनने होणार नाही, पण माझ्यासारखे पाच महिने गप्प बसू नका.

पाटल्या अजून पतसंस्थेत आहेत. हिशेबाप्रमाणे पुढच्या एप्रिलमध्ये सुटतील. साखरपुड्याला मी नुसत्या काचेच्या हिरव्या बांगड्या घालून गेले आणि जाऊबाईंना खरं सांगितलं. हे आता फोनवर आधी दिवस कसा गेला ते विचारतात, गॅसचं मग.

पुढच्या महिन्यात काकू मुलाकडे बंगळूरला जाणार आहेत, दिवाळीपर्यंत. तिथे नातवंडांना झोपवायची वेळ नऊचीच असते. म्हणून आम्ही फोन साडेनऊला करायचं ठरवलंय, आणि मधला अर्धा तास मी बाल्कनीत बसून वही लिहायची, असं त्यांनीच मला सांगून ठेवलंय.